पाचट कार्यक्रमास परवानगी

त्या वर्षांत मी लासुर्ण्यात कृषी सहायक होतो, म्हणजे शेतकऱ्यांना त्यांचीच शेती शिकवायला सरकारने नेमलेला माणूस. उन्हाळे लांबत चालले होते, कालव्याची पाळी उशिरा येत होती, आणि ऊस तुटला की गाव पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवून मोकळं होत होतं. पाला सरीत पसरा, ओल टिकते, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. ऐकलं एकट्या तात्यांनी. तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणारा एकरभर खोडवा त्यांनी पाल्याने झाकला. पण बांधाला लागून आबांचं रान, आणि आबा पाल्याचे ढीग लावून फक्त वारा पडायची वाट बघत होते. एक ठिणगी उडाली असती तर तात्यांचा खोडवा आणि माझा शब्द, दोन्हींची राख झाली असती.

हातापाया पडून आबांकडून आठ दिवस मागून घेतले. गावातले गुरुजी शाळेत गणित शिकवत आणि जयंतीला गायन पार्टी घेऊन गात. माझ्या भाषणापेक्षा त्यांचं गाणं लोक ऐकतील, हे मलाही कबूल होतं. मी तालुक्याला अर्ज केला. लिहायचं होतं ‘पाचटावरील कार्यक्रमास’; घाईत लिहून बसलो, ‘पाचट कार्यक्रमास परवानगी मिळावी.’

साहेब शहरातले. उसाचं पाचट त्यांनी पाहिलं नव्हतं, विनोदातलं ऐकलं होतं. उत्तर आलं की शासनाला पाचट कार्यक्रम करता येत नाहीत, आणि अर्जदाराने आपल्या अभिरुचीबाबत खुलासा करावा.

मी ते पत्र लपवणार होतो. गुरुजींनी ते शाळेच्या फळ्यावर उतरवलं आणि वर लिहिलं, ‘सरकारने नाकारलेला कार्यक्रम, आज सायंकाळी.’ माझ्या सभेला कधी सात माणसं जमली नव्हती. त्या दिवशी पटांगण कमी पडलं. खुलासा घ्यायला साहेबांची जीपही आली.

गुरुजींनी पेटी ओढली, ‘रानाची चादर का रं जाळशी, उन्हात उघडा तू बसशील का?’ गाणं ऐन रंगात असताना तात्यांनी साहेबांपुढे दोन घमेली ठेवली. एकात त्यांच्या रानाची माती, दुसऱ्यात आबांच्या. पाणी दोन्हीकडे एकाच दिवशी दिलेलं. साहेबांनी हात घातला. आबांची माती बोटांतून धुळीसारखी गळाली, तात्यांच्या मातीचा लाडू वळला.

आबा उठले. आता शिव्या येणार म्हणून मी जरा गुरुजींच्या आडोशाला सरकलो.

“माझ्याच रानाची धूळ मला चारचौघांत दावली व्हय,” ते म्हणाले आणि खिशातली काडीपेटी गुरुजींच्या पेटीवर ठेवली. “ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. बिडीपुरती मागून घीन.”

पाचट न जाळण्याचा ठराव ग्रामसभेत पहिल्या झटक्यात पास झाला. साहेबांनी माझ्याच अर्जावर शेरा मारला: ‘शब्दार्थ समजला. असेच पाचट कार्यक्रम गावोगाव करावेत.’

कालव्याची पाळी त्या उन्हाळ्यात फारच लांबली. बांधाच्या दोन्ही अंगांना खोडवा मात्र हिरवागार उभा होता. मी ऐटीत बांधावरून चाललो होतो, तर तात्या मला म्हणाले, “सायेब, तुमचं शेतीचं ग्यान हाय तसं हाय. पण शुद्धलेखन सुधारू नगा.”