दातात धरलेला दोरा

आमच्या कपडेपटात एक नियम होता. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा, तर ज्याच्या अंगावर तो आहे त्याने दातात दोरा धरायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नाहीतर कपड्याबरोबर आठवणही शिवली जाते आणि माणूस पुढचं पाऊल विसरतो. आमच्या म्हाताऱ्या शिवणकरीण सावेल्येव्नाने हा नियम एकतीस वर्षं पाळून घेतला. लेनिनग्राडच्या त्या थिएटरात किती नायिका आल्या, थकल्या, गेल्या. दोरा सगळ्यांनी चावला.

मुख्य नर्तिकेचे कपडे तिच्याकडे असत. त्यातही तो जुना बॅले तिचा खास. उमरावाघरच्या मुलीचा वाग्दत्त वर धर्मयुद्धाला जातो, ती वाट बघते, मध्येच एक परका सरदार तिला पळवायला येतो, आणि तिसऱ्या अंकात हंगेरियन थाटात लग्न लागतं. ते लग्न सावेल्येव्नाने कधी पाहिलंच नाही. तेव्हा ती दुसऱ्या अंकाचे घामेजलेले कपडे उलटे करून वाळत घालत असे.

शेवटची दोन वर्षं तिला मोतीबिंदूने दिसेनासं झालं होतं. हे फक्त मला, तिच्या हाताखालच्या क्लावाला, ठाऊक. रोज मी वीस सुया ओवून द्यायचे, त्या ती आपल्या कामाच्या राखाडी झग्याच्या छातीवर ओळीने टोचून ठेवायची. बोटांना सगळं पाठ होतं. कपडेपटाच्या मुख्य बाई कापितोलीना पेत्रोव्ना, त्यांना कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी निवृत्तीचा कागद तिच्या हातात पडला असता. सावेल्येव्नाचे पाय सुजत, जिना चढताना ती पायरीपायरीला देवाचं नाव घेई, पण घरी बसायला तयार नव्हती. घर म्हणजे पाच बिऱ्हाडांच्या जागेतली एक खोली. म्हणायची, "तिथे शिवायला कोणी सांगत नाही गं क्लावा, नुसतं टोचतात."

त्या फेब्रुवारीत रिम्मा नावाची उरलकडची मुलगी पहिल्यांदाच त्या बॅलेतली नायिका करत होती. दुसऱ्या मध्यंतरात लग्नाची चोळी चढवताना पाठीवरचे तीन हुक उसवले. घंटा व्हायला चार मिनिटं. सावेल्येव्नाने छातीवरची सुई काढली.

"दोरा धर, पोरी."

"अहो, उशीर होतोय."

"मग लवकर धर."

रिम्माने दोरा दातात धरला. सावेल्येव्ना शिवत सुटली. मध्येच रिम्मा मान हलवायला लागली, डोळे मोठे करायला लागली. मला वाटलं, घाबरलीय. घंटा झाली, ती विंगेकडे धावली आणि सावेल्येव्नाही तिच्या मागून फरफटत निघाली. आपल्याच झग्याची बाही तिने चोळीला शिवून टाकली होती. पोरीला ते जाणवलं होतं, पण दोरा दातात, बोलणार कशी?

मी कात्री घेतली आणि बाहीच कापली. रिम्मा पाठीवर राखाडी चिंधी घेऊन लग्नाला गेली. वरून आखूड फरची शाल होती, म्हणून निभावलं. मी मनात प्रार्थना म्हणत उभी होते. सावेल्येव्ना खुर्चीवर बसली ती बसलीच. ओले कपडे तसेच पडून राहिले.

टाळ्या संपल्यावर रिम्मा परत आली. चिंधी उसवली, सावेल्येव्नाच्या उघड्या मनगटाकडे पाहिलं, मग छातीवरच्या ओवलेल्या सुयांकडे. तिला कळलं. खाली बसून ती बाही जोडायला लागली, लांब लांब, वाकडे टाके. पण त्याआधी दोऱ्याचा तुकडा तिने म्हातारीच्या ओठांशी नेला.

"धरा. नाहीतर आम्हाला विसराल."

तेवढ्यात कापितोलीना पेत्रोव्ना दारात आल्या. चोळी कोणी शिवली, विंगेत कोण धडपडलं, त्यांना सगळं कळायला हवं होतं. रिम्मा म्हणाली, माझाच पाय अडकला. मीही मान डोलावली; देव क्षमा करो. सावेल्येव्नाच्या तोंडात दोरा होता. नियमाने तिला गप्प बसता आलं असतं, आणि आणखी एक हंगाम निघाला असता.

तिने दोरा काढून तळहातावर ठेवला.

"मी शिवली. मला दिसत नाही, कापितोलीना पेत्रोव्ना. दोन वर्षं झाली."

मग तिने दोरा परत दातात धरला आणि अर्धवट शिवलेल्या बाहीचा हात पुढे करून रिम्माला खुणावलं, राहिलेलं शिव.