दोन बोटांचा सपोर्ट

"तुहीच ताकद होय बाबू! मी हात नाही लावलो!"

पवनीच्या आमच्या जिममध्ये हे वाक्य रोज संध्याकाळी ऐकू यायचं. बेंचवर पडलेला माणूस लालबुंद होऊन दांडी वर ढकलत असायचा आणि त्याच्या डोक्यामागे काका उभे असायचे. दांडी वर जाऊन स्टँडवर टेकली की काका दोन्ही हात झटकन वर करायचे, पोलिसांनी पकडल्यासारखे, आणि हे वाक्य म्हणायचे. खालचा माणूस उठून बसायचा तो छाती चार बोटं फुगवूनच.

तुम्ही कधी जिमला गेला असाल तर हे तुम्हाला ठाऊक असेल. ज्यांनी फक्त बाहेरून आवाज ऐकलाय त्यांच्यासाठी सांगतो. बेंचवर उताणं पडायचं, वजनाची दांडी छातीपर्यंत आणायची आणि परत वर ढकलायची. दांडी मानेवर पडू नये म्हणून डोक्याशी एक जण उभा राहतो. त्याला सपोर्ट म्हणतात. सपोर्टवाल्याने हात दांडीखाली धरायचे, पण माणूस अडकल्याशिवाय लावायचे नाहीत, असा नियम. आमच्याकडे सपोर्ट म्हणजे काका.

काका एसटीत कंडक्टर. पवनी-लाखांदूर गाडीवर त्यांची ड्यूटी. पन्नाशी उलटलेली, खांदा दुखरा, त्यामुळे स्वतः फारसं उचलायचे नाहीत. मुलं नागपूरला, बायको मुलांकडे. "घरी काय हाय? एक टीव्ही अन् एक गॅस," असं म्हणत ते खाकी शर्टाची बटणं सोडत जिममध्ये शिरायचे आणि कुलूप लागेपर्यंत हलायचे नाहीत.

जिम म्हणजे जुन्या राईस मिलचं गोदाम. पावसाळ्यात अजूनही कोंड्याचा वास येतो. भिंतीवर बाबासाहेब आणि बजरंगबली शेजारी शेजारी, मध्ये आरसा. आम्ही कोणी पहिलवान नव्हे. माझं मेडिकलचं दुकान, मनोजचं किराणा, बाकी एक ग्रामसेवक, दोन मास्तर, काही शेती करणारे. रिवाज असा की, ज्याने नवं वजन मारलं त्याने सगळ्यांना आलुबोंडे आणायचे. काका सपोर्टला लागल्यापासून आठवड्याला कोणाचं ना कोणाचं वजन वाढायचं, आणि आलुबोंड्यांमुळे आमचं स्वतःचंही.

कोणी दोन दिवस आला नाही की काका त्याच्या गावच्या प्रवाशाजवळ निरोप द्यायचे. तिकीट फाडता फाडता सांगायचे, "त्याले सांगजा, उद्या छातीचा दिवस हाय. आला नाही तं मीच गाडी घेऊन येतो." म्हाताऱ्या बायका गावात जाऊन तो निरोप इमानदारीने पोचवायच्या, छातीचा दिवस म्हणजे काय हे न विचारता.

एका पावसाळ्यात आमच्यातल्या एकाला भाताच्या रोवणीला मजूर मिळेनात. काकांनी सगळ्या जिमला फर्मान काढलं आणि रविवारी आम्ही त्याच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलो. धानाच्या रोपांच्या पेंड्या चिखलातून वाहून न्यायच्या, एवढंच काम. तासाभरात मनोज धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला आणि मी त्याच्या बाजूला. रोवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यातली एक म्हणालीच, "का जी, एवढे दंड फुगवले अन् पेंड्या उचलाले दम लागून राहिला?" काका चिखलातून ओरडले, "हसू नको बाई, चिखलाची सवय नाही लेकरांले!" आम्हीही तेच कारण धरून घरी गेलो.

आता एक गोष्ट सांगतो जी आमच्या जिममध्ये प्रत्येकाला ठाऊक होती आणि कोणीच बोलत नव्हतं. काका हात लावायचे. मुठीत दांडी धरायचे नाहीत, फक्त दोन्ही हातांची दोन-दोन बोटं खालून अडकवायचे. बाजूला उभं राहिलं की स्पष्ट दिसायचं. मनोज बेंचवर असला की मी मनात हसायचो, याला काका उचलून देतात आणि हा गाढव आलुबोंडे वाटतो. मी बेंचवर असलो की मला फक्त छत आणि काकांची हनुवटी दिसायची. माझं ते माझंच होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. नंतर कळलं की मनोजलाही नव्हती. कोणालाच नव्हती.

मग भंडाऱ्याला हौशी लोकांची बेंचप्रेसची स्पर्धा निघाली. आम्ही पाच जणांनी नावं दिली. मी ऐंशी किलो मारत होतो, म्हणून पहिलं वजन पंचाहत्तर सांगितलं, अगदी सोपं म्हणून. अशा स्पर्धेत एक नियम असतो. प्रत्येकाला तीन संधी, पण एकदा सांगितलेल्या वजनाच्या खाली येता येत नाही. आम्हाला वाटलं, खाली यायचंय कोणाला?

काकांनी रजा टाकली आणि सगळ्यांसाठी पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून आणली. माझी बायको आणि मुलगी पण आली. मुलीने वर्गात सांगून ठेवलं होतं की माझे बाबा ऐंशी किलो उचलतात.

मंगल कार्यालयाचा हॉल होता. स्टेजवर बेंच, दोन्ही टोकांना दोन अनोळखी पोरं सपोर्टला, हात दांडीपासून वीतभर दूर. आमच्यात पहिला मनोज गेला. दांडी छातीवर आली आणि तिथेच राहिली. घसरलं असेल, असं आम्ही म्हणालो. ग्रामसेवकाची दांडी अर्ध्यात थांबली. दोन्ही मास्तरांची तेवढीही गेली नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी पडलो, छत पाहिलं, दांडी खाली घेतली. पंचाहत्तर किलो म्हणजे काय असतं हे मला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं. मी ढकलत होतो आणि काहीच होत नव्हतं. माझे पाय हवेत हलत होते, हे मला नंतर बायकोच्या मोबाईलमधल्या व्हिडिओत दिसलं. तीन वेळा नाव पुकारलं गेलं आणि तीन वेळा त्या पोरांनी माझ्या छातीवरून दांडी उचलून नेली. माइकवाला म्हणाला, "पवनीच्या पाचही खेळाडूंसाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या," आणि लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. हसले असते तर बरं झालं असतं.

खाली आलो तर मुलीने विचारलं, "बाबा, दांडी खालीच काहून राहिली?" बायकोने तिचा हात दाबला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

काका पहिल्या रांगेत बसले होते. मांडीवर डबा, आणि नजर डब्यावर.

परतीच्या गाडीत सगळे खिडकीबाहेर पाहत होते. अड्याळ गाव मागे गेल्यावर काकाच म्हणाले, "मी लावत होतो हात."

"माहीत हाय," मनोज म्हणाला.

"सगळ्यांलेच लावत होतो."

काका पुढे म्हणाले, "दांडीखाली दबला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, बाबू. मी पाहिलो हाय. माही आधीची जिम अशीच रिकामी झाली. म्हनलं थोडा हात लावला तं काय होते. येत राहतीन लोकं."

मागच्या सीटवरून ग्रामसेवक हसला. "काका, पन स्टेजवर तं आमची इज्जत गेली ना!"

"हो," काका म्हणाले. "माह्यामुळे गेली." डबा तसाच भरलेला पवनीला परत आला.

मला अजून वाटतं की आमच्यापैकी एकाने जरी तेव्हा काकांना कडकडून शिवी दिली असती, तर दोन दिवसांत सगळं मिटलं असतं. पण राग आला होता कोणाला? आम्हाला लाज वाटत होती. काकांनी फसवलं याची नाही, आम्ही किती खुशीत फसलो याची. आणि ती लाज काकांचं तोंड पाहिलं की पुन्हा वर यायची.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी प्लेटा कमी केल्या. मी साठवर आलो आणि तेही कुथत. काका डोक्याशी येऊन उभे राहिले की जो तो म्हणायचा, "राहू द्या काका, मनोज आहे." आवाज एकदम गोड. काका मागे सरायचे. हात पाठीमागे बांधून आरशाजवळ उभे राहायचे, लग्नात ओळखीचं कोणी न भेटलेल्या पाहुण्यासारखे. तरी रोज यायचे. कोणी वजन मारलं की तोंड उघडायचे आणि मिटायचे.

एका संध्याकाळी मनोज दुसरीकडे वाकलेला होता आणि मला दांडी घ्यायची होती. मी म्हणालो, "काका, या ना मागे." त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच कसंसं झालं. आणि ते कसंसं झाकायला मी विनोद केला, "पण हात लावायचा नाही हं! या खेपेला खरंच नाही."

"नाही लावत," काका म्हणाले. "आईची आन."

पाचवी खेप निम्म्यात अडकली. दांडी हळूहळू खाली आली आणि छातीवर बसली. मला वाटलं आता उचलतील. वर पाहिलं तर काकांचे दोन्ही हात दांडीपासून चार बोटं दूर थांबले होते. "लावू का?" ते म्हणत होते. "बाबू, सांग ना, लावू का हात?" माझ्या छातीत बोलायला हवा नव्हती. मी मान हलवली असेन, पण ती हो होती की नाही, हे त्यांना कळलं नाही. "तू सांग तं खरं. लावू का?"

मनोज धावत आला आणि त्याने दांडी ओढली. "मरून गेला असता ना तो! काहून नाही लावला हात?" तो काकांवर ओरडला. काका माझ्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तो हो म्हनलाच नाही," ते म्हणाले.

मी खोकत होतो. खोकला थांबल्यावरही मी काही बोललो नाही. काय बोलायचं होतं ते मला ठाऊक होतं, पण जिभेवर आलं नाही. काकांनी खाकी शर्ट घातला, बटणं लावली आणि गेले. त्यानंतर ते जिममध्ये आले नाहीत. आम्ही आहोत. आमची वजनं आता खरी आहेत, आणि अर्धे लोक यायचे बंद झालेत.

परवा कामासाठी लाखांदूरला निघालो तर गाडीत काका होते. त्यांनी माझं तिकीट फाडलं, मुलगी कितवीत आहे विचारलं, जिमचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

पुढच्या फाट्यावर एक म्हातारी तांदळाचं पोतं घेऊन चढायला लागली. पोतं पायरीवर टेकलं आणि तिथेच अडलं. काका दारात वाकले. दोन्ही हात पोत्याजवळ नेले आणि थांबले.

"माय," त्यांनी विचारलं, "लावू का हात?"

"विचारून काय राहिला बाप्पा?" म्हातारी खेकसली. "धर ना!"

गाडीतले दोघं-तिघं हसले. माझे कान तापले होते आणि मी हातातलं तिकीट दुमडत राहिलो. काकांनी दोन्ही हातांनी पोतं आत ओढलं, म्हातारीला दंडाला धरून बसवलं आणि माझ्या सीटकडे न पाहता घंटीची दोरी ओढली.