पिंडीचा बर्फ

माझं सगळं आयुष्य गंजात गेलं. चिरून ठेवलेलं सफरचंद हवेने जसं काळं पडतं, तसं वर्षानुवर्षांच्या धुराने माणसाचं फुप्फुस आतून कसं झिजतं, हे शोधायचं माझं काम. शास्त्रात त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आई मात्र त्याला ‘तुझा तो गंज’ म्हणायची आणि शेजारणींना सांगायची, “डॉक्टर आहे, पण औषध देत नाही. नुसतं रक्त नेतो.”

तिला स्वतःलाच हा गंज चढलेला होता. इगतपुरीच्या पावसात ओली लाकडं फुंकून फुंकून तिने आम्हाला वाढवलं, आणि मी त्या धुराचा तज्ज्ञ होईपर्यंत नाशिकच्या घरात तिच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरायला लागलं होतं. नाकात नळी घालून ती रोज सकाळी महादेवाची एकेक नावं घ्यायची. मधेच धाप लागली की थांबायची आणि जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू करायची. मी चहा पीत ते बघायचो. ज्याच्यापुढे हिने जन्मभर हात जोडले, त्याला हिला एक सरळ श्वास देता येऊ नये? हे मी तिला कधी विचारलं नाही. पण माझं आणि त्याचं बोलणं बंद होतं.

तेव्हा हरसूलजवळच्या एका पाड्यावर आमचा अभ्यास चालू होता. तिथल्या बायकांच्या घरी धुराडं असलेल्या नव्या चुली बसवल्या होत्या. चुली बसवण्याआधी त्यांचं रक्त घेतलं होतं, आता नव्या चुली काही महिने वापरल्यावर पुन्हा घ्यायचं होतं. हे रक्त फार नाजूक असतं. बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणलं नाही, तर ते वाटेतच बदलतं आणि मग त्यातून काही कळत नाही. बायकांना सगळ्यांना एका वेळी सवड कधी, तर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, कारण त्या दिवशी शेतातली कामं बंद. मी खूश. सोमवार म्हणजे दुसरं काय असतं, हे मला सुचलंच नाही.

निघताना आईने तांब्याचा एक छोटा गडू माझ्या पिशवीत कोंबला. “त्र्यंबकच्या बाजूला चाललास, येताना तीर्थ आण.”

“आई, रक्ताच्या नळ्या असतात बरोबर. वाटेत देव करत बसायला वेळ नाही.”

“गडू तर ने. त्याला काय खायला लागतं का?”

पाड्यावर सगळं सुरळीत झालं. शेवटी ठकूबाई आली. खोकून खोकून वाकलेली, पण जिभेला वाक नाही. मागच्या खेपेला सुई बघून ती जी रानात पळाली होती, ती संध्याकाळी परतली तेव्हा कुठे रक्त मिळालं होतं. आज मात्र तिने दंड पुढे केला आणि म्हणाली, “हे शेवटचं. आता परत मागाल तर नाय देनार. आमचं रगत फुकट नका घालवू, डाक्टर.” मी मोठ्या ऐटीत तिला शब्द दिला. बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला असावा.

आता माझी अक्कल ऐका. आमचे ड्रायव्हर नानाभाऊ म्हणाले, “साहेब, गिरणाऱ्यावरून काढू. आज त्र्यंबकच्या नादी लागू नका.” मी मोबाइलवरचा नकाशा दाखवून म्हटलं, मोठा रस्ता त्र्यंबकवरूनच आहे. नानाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि शांतपणे गाडी त्र्यंबककडे वळवली. बर्फही मी हिशोब करून, लागेल तेवढाच घेतला होता. जास्तीचं ओझं कशाला?

त्र्यंबकच्या अलीकडे पोलिसांनी गाडी थांबवली. पुढे ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली माणसंच माणसं, ओले कपडे, अनवाणी पाय, ‘हर हर महादेव’चा गजर. मागे गाड्यांची रांग लागलेली, वळायलाही जागा नाही. “तिसरा सोमवार आहे साहेब,” नानाभाऊ म्हणाले, “नकाशाला ठाऊक नसेल.” मी नळ्यांच्या पेटीचं झाकण उघडलं. बर्फाचं पाणी झालं होतं, दोनचार खडे तेवढे तरंगत होते. ठकूबाईचा पुढे केलेला दंड डोळ्यांसमोर आला.

रस्त्याकडेला महादेवाचं लहानसं देऊळ होतं. तिथे मांडव घालून गावातल्या मंडळींनी बर्फाची पिंड केली होती, चांगली कमरेइतकी उंच, बेलाने झाकलेली. मी पेटी घेऊन धावलो आणि उरलेली एखादी लादी द्या म्हणून विनवू लागलो. सगळ्या लाद्या पिंडीतच गेल्या होत्या. पेटीत रक्ताच्या नळ्या आहेत म्हटल्यावर एक कार्यकर्ता भडकला. “रक्त? अन् ते इथं? श्रावण पाळतो आम्ही, डॉक्टर!” देवळाचे म्हातारे गुरव मधे आले. कोणाचं रक्त, कशासाठी, त्यांनी विचारलं. मी चुलीचं सांगितलं, धुराचं सांगितलं आणि कसं कोण जाणे, आईचंही सांगून बसलो. गुरवांनी पिंडीकडे पाहिलं. पूजेची पिंड फोडा, असं कुणी कुणाला म्हणायचं?

आणि तेवढ्यात पिंडीच्या तळाचा एक मोठा तुकडा सुटला, ओल्या फरशीवरून घसरत आला आणि माझ्या चपलेला येऊन टेकला.

मी घाईघाईने चपला काढल्या. तो बर्फ का सुटला, हे मी फळ्यावर लिहून दाखवू शकतो. उकाडा होता, गर्दीची ऊब होती, तळाशी पाणी साचलं होतं. पण त्या घडीला मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

“घ्या डॉक्टर,” गुरव म्हणाले. “मी कुठं दिला? त्यानंच दिला.” मघाशी चिडलेल्या त्याच कार्यकर्त्याने तो तुकडा उचलून दारामागे नेला, नारळ फोडायच्या दगडाने बारीक केला आणि पेटी भरून दिली. नानाभाऊ गाडीतून आईचा गडू घेऊन आले आणि निथळत्या पिंडीखाली धरला. मग पोलिसांशी गोड बोलून त्यांनी गाडी मागे काढली आणि गिरणाऱ्याचा रस्ता धरला. वाटेत ते नकाशाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, याचे उपकार मी विसरलेलो नाही.

नळ्या नीट पोचल्या. ठकूबाईचं रक्त फुकट गेलं नाही, पुढे पाड्यावर जाऊन मी तिला तिच्या रक्तातला गंज उतरल्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मंग आधी का नाय चूल दिली?”

घरी आल्यावर आईच्या हातात गडू दिला. सगळं ऐकून ती हसली, हसता हसता खोकली.

“पिऊ नकोस हं, उकळून घेतो आधी,” मी म्हटलं.

“तीर्थ उकळतात का रे, मेल्या?” तिने बोटं बुडवून डोळ्यांना लावली, नळीच्या खाली छातीला लावली आणि उरलेल्या ओल्या बोटांनी माझ्या कपाळाला. तिचा श्वास त्याने काही सरळ झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी ती नावं घेता घेता थांबली, तेव्हा पुढचं नाव मी घेतलं. ती गेली तोवर आमचं तसंच चाललं होतं.

आता मी बर्फ दुप्पट नेतो आणि रस्ता नानाभाऊंना विचारतो. पेटीच्या एका कोपऱ्यात आईचा गडू असतो. हाताखालचे लोक हसतात, “सर, तिथे अजून बर्फ मावेल.” मावेल, मला ठाऊक आहे. पण तो गडू मी रिकामाच नेतो. तो भरायचं काम माझं नाही.