भामाबाईंचं हळदीचं रेकॉर्डिंग

धम्मदीप ओव्हाळ आणि कैलास केदारी यांनी मिळून वडगाव मावळात फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ काढला, नावारूपाला आणला आणि भांडून मोडला. गाळा कैलासच्या वडिलांचा. त्यामुळं स्टुडिओचं नाव, नवे कॅमेरे, एडिटिंगचं नवं मशीन, सगळं कैलासनं ठेवून घेतलं. धम्मदीपच्या वाट्याला एक जुना डेस्कटॉप आला आणि पोतंभर हार्ड डिस्क. "भंगारात घाल न्हाईतर पूज," कैलास गाळ्याच्या दारात चार लोकांसमोर म्हणाला.

धम्मदीप मुळातच तुसडा. त्यानं पोतं उचललं आणि वलवणला घरी आणलं. त्या डिस्कवर तालुक्यातली कितीतरी लग्नं होती. जुनी गिऱ्हाइकं कॅसेट खराब झाली, सीडी चालत नाही म्हणत येणारच, आणि ती कैलासकडं न जाता आपल्या दारात यावीत, एवढ्यासाठी तो इरेला पेटला होता.

डेस्कटॉपवर विंडोज रखडत चालायचं, म्हणून त्यानं आधीच त्याजागी फुकटचं, हलकं लिनक्स टाकलं होतं. आता डबा उघडला. बोर्डावर डिस्क जोडायच्या जागा मोजक्याच, म्हणून सीडीचा ड्राइव्ह उपटून काढला आणि त्याची वायर डिस्कला दिली. करंट पुरवायला दोन तोंडांची वायर आणली. खोबणीत डिस्क बसेना, तर पत्रा वाकवून स्क्रू मारले. पहिली डिस्क लागली, दुसरी लागली. तिसरी लावली आणि मशीन सुरूच होईना, काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. नवी डिस्क आल्यावर मशीननं जुन्यांना दिलेली नावं आपसांत बदलली होती आणि मशीन भलतीच डिस्क शोधत बसलं होतं. धम्मदीपनं शिव्या घालत घालत प्रत्येक डिस्कचा स्वतःचा कायमचा नंबर सेटिंगमध्ये लिहिला, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. पोत्यातली एक डिस्क कटकट वाजून मेली. बाकीच्या चालल्या.

पावसाळा सरता सरता कैलासची आई भामाबाई वारली. थोड्या दिवसांनी कैलास वलवणला आला. धम्मदीपनं त्याला आत बोलावलं नाही.

"आईचा एकबी व्हिडिओ न्हाई माझ्याकडं," कैलास उंबऱ्याबाहेरून म्हणाला. "आमच्या सारिकाच्या हळदीत तिनं गाणं म्हटलं व्हतं. ते तुझ्याकडल्या डिस्कवर असंल."

"भंगारात?"

"व्हय. देणार का न्हाई ते सांग."

"बघतो. तू जा आता."

रेकॉर्डिंग सापडलं. भामाबाई जात्यापाशी बसून गात होत्या, आवाज खणखणीत. धम्मदीप ऐकत राहिला. गाणं संपलं, कॅमेरा चालूच होता, आणि भामाबाई सुनेला म्हणाल्या, "त्या ओव्हाळाच्या पोराला चहा बाहेरच दे. कप येगळा काढलाय." कॅमेरा धम्मदीपच्याच हातात होता. त्या दिवशी त्यानं तो चहा घेतला होता, अंगणात उभं राहून. कैलास शेजारीच होता आणि बशीतून चहा पीत होता.

बायको रुपाली मागं येऊन उभी राहिली होती. "तेवढं कापून दे," ती म्हणाली. "मेलेल्या बाईशी कसलं वैर?"

"तिच्याशी न्हाईच."

त्यानं रेकॉर्डिंग जसंच्या तसं पेनड्राइव्हवर टाकलं आणि केदारींच्या घरी पोचतं केलं.

संध्याकाळी फोन आला. "शेवटी हाय ते कशाला ठेवलंस?"

"तुझ्या आईचा आवाज मागितलास. तो दिलाय."

"मुद्दाम केलंस तू."

"व्हय. मुद्दाम केलं."

कैलास म्हणाला, "तवा मला कळलं न्हाई, आसं समज."

"तू शेजारी व्हतास, कैलास. तुला कळलं व्हतं."

फोन कट झाला.

वर्षश्राद्धाला केदारींनी मांडवात मोठा पडदा लावला. मांडववाला नथू सांगत होता की भामाबाई पडद्यावर गाताना दिसल्या, पण आवाज बंद होता आणि वरून कुठलंतरी भजन लावलं होतं. कैलासची बहीण सारिका उठून म्हणाली, "दादा, आईचं गाणं लाव की," तर कैलासनं तिला सगळ्यांदेखत गप्प बसवलं.

तेवढं वाक्य कापायला कैलासकडं मशीन होतं, तरी त्याला आईचा आवाजच नको झाला होता. धम्मदीपला हे ऐकून बरं वाटलं. रुपालीला तसं त्यानं सांगितलंही, आणि ती त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.