आश्रमाचं गेट बंद होतं तेव्हा

आम्ही तिघं भेटलो की हे ठरलेलंच. मी, हिराबाई आणि भोसले सर. चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "आठवतंय का हो?" आणि मग तास कसा जातो कळत नाही. कोरोनात वृद्धाश्रमात कोंडून राहिलेली माणसं बोलतायत म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचे लोक चेहरे पाडून ऐकायला लागतात. आणि आम्ही बघावं तर हसतोय!

असे किस्से साठतात कसे, तर त्या वेळी रडायला सवडच नव्हती. जे समोर आलं ते तसंच आत ठेवून दिलं आणि पुढच्या खाटेकडे वळलो. आता ते निघतं. कधी हसू होऊन निघतं, कधी रडू होऊन.

आमचा आश्रम देवळाली प्रवराच्या अलीकडे, कालव्याला लागून. मी तिथं नर्स, सगळे आजी-आजोबा मला 'शिस्टर' म्हणायचे. हिराबाई स्वयंपाकाला, भोसले सर मॅनेजर. लॉकडाऊन लागला त्या दिवशी आम्ही तिघांनी ठरवलं, ये-जा करून आजार आपणच आत आणायचा नाही. गेटला आतून कुलूप घातलं आणि तिथंच राहिलो. आत म्हातारी माणसं आणि आम्ही. बाहेर चारी बाजूंनी ऊस. रस्त्यावरची वाहनं थांबली आणि इतकं शांत झालं, की कालव्याच्या पाण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. दिवस कुठला, वार कुठला, कळेनासं झालं. झोपेत चालल्यासारखे चालायचो सगळे.

*

पहिला किस्सा कोंडाजी तात्यांचा. तात्या ठार बहिरे. घरी सुनेशी पटेना म्हणून स्वतःच पिशवी घेऊन आमच्याकडे आलेले. मुलाचं नाव बापू, पन्नाशीचा गडी. बाप दिसत नाही म्हणून कासावीस झाला आणि एक दिवस ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन तारेच्या कंपाउंडपाशी येऊन उभा राहिला.

अलीकडे तात्या, पलीकडे बापू, मध्ये दहा पावलांचं अंतर. एरवी तात्या ओठ बघून ओळखायचे, पण ओठांवर मास्क! बापू ओरडला, "तात्या, बरं हाय का?" उसातले मोर उडाले, तात्यांना मात्र काही ऐकू गेलं नाही. "आँ?" म्हणत हात कानाला लावून उभे.

शेवटी बापूनं खिशातली चुन्याची डबी काढली. बोट बुडवून ट्रॉलीच्या मागच्या फळीवर हे मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पाटाला पाणी आलंय.'

तात्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. आणि ते खेकसले, "मंग हितं काय करतूस? जा, उसाला दारं धर!"

बापू ट्रॅक्टरवर चढला. हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. तात्या मात्र दिवसभर प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगत होते, "पोरगं येऊन गेलं माझं. लई बोललो आमी."

*

पहिली लाट आमच्या कंपाउंडबाहेरूनच गेली. आम्हाला वाटलं, सुटलो. दुसरी लाट आली ती थेट आमटीच्या पातेल्यात!

हिराबाईची काळ्या मसाल्याची आमटी म्हणजे आश्रमाचा अभिमान. एका दुपारी एक आजी म्हणाल्या, "हिरा, मीठ इसरलीस का गं?" हिराबाई हाताच्या अंदाजानंच रांधणारी, तिनं न चाखता मीठ वाढवलं. दुसऱ्या दिवशी चौघी म्हणाल्या, "चवच न्हाई." तिनं मसाला वाढवला. तिसऱ्या दिवशी अर्धी पंगत वाट्या सारून बसली.

हिराबाई स्वयंपाकघरात जाऊन पदराला डोळे पुसायला लागली. "गावच्या गाव जेवू घातलंय मी, शिस्टर. आजवर कुनी नाव ठेवलं न्हाई!"

भोसले सर म्हणाले, "बघू तरी." एक घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला. आमटी इतकी खारट आणि तिखट, की डोळ्यांतून पाणी! पाणी पिता पिता ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे. दोघांच्या एकदमच लक्षात आलं. सर फोनकडे गेले आणि तपासणीची गाडी बोलावली.

ज्यांनी ज्यांनी वाटी सारली होती ते सगळे पॉझिटिव्ह निघाले. आताही सर हा किस्सा सांगताना म्हणतात, "रिपोर्टच्या आधी आमची आमटी पॉझिटिव्ह आली!" आणि आम्ही हसतो.

हिराबाईला रिपोर्ट सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हंजी आमटी चांगली हुती माझी?" मग तिला त्याचा अर्थ कळला आणि ती तिथंच, चुलीपाशी, खाली बसली. त्यातली सात माणसं परत पंगतीला आली नाहीत.

*

मग आम्ही किट घातले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. कोण हिराबाई, कोण मी, कळायचं नाही. म्हातारी माणसं घाबरून गेली. घाबरल्या नाहीत फक्त अनसूयाबाई.

अनसूयाबाई शेवगावकडच्या. आठवण गेलेली. मुलाचं नाव आठवायचं नाही, जेवलो की नाही ते आठवायचं नाही. मी पहिल्यांदा किट घालून त्यांच्यापाशी गेले, तर मला वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "बाई, कसला कापूस फुटलाय यंदा!"

आणि उठल्या. पदर कमरेला खोचून त्याची ओटी केली. माझ्या बाहीवरून चिमटीनं कापूस वेचायला लागल्या. एक बोंड, दुसरं बोंड. वेचायचं आणि ओटीत टाकायचं. बोटं इतकी झरझर चालायची! त्या बोटांना सगळं आठवत होतं.

मी ऑक्सिजन बघायला गेले होते. बोटाला लावायचं ते यंत्र हातात तसंच धरून मी उभी राहिले. आत घामानं नुसती निथळत होते. वॉर्डात पंखा फिरत होता, कुणाचा तरी खोकला चालू होता, आणि मी शेवगावच्या रानात पांढरंशुभ्र झाड होऊन उभी! खोटं कशाला सांगू, त्या सगळ्या महिन्यात मला तेवढीच काय ती विश्रांती मिळाली.

रोज सकाळी त्या वेचायच्या. खांद्यापर्यंत आलं की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, बाकीच्या वळी उद्या." त्यांना ताप आला नाही, काही झालं नाही. साथ ओसरल्यावर मी एक दिवस साध्या साडीत त्यांच्यासमोर गेले. त्यांनी माझा उघडा हात चाचपला, उलटसुलट करून बघितला.

"येचून झाला व्हय गं समदा?"

म्हटलं, "झाला, अनसूयाबाई."

"बरं झालं," म्हणाल्या. "आता निजू."

*

रहीमचाचा नगरला शिलाईकाम करायचे. नजर अधू झाली, पण मशीन सोबत घेऊनच आश्रमात आलेले. मास्क मिळेनात तेव्हा त्यांनी जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे मास्क शिवायला घेतले. टेप गळ्यात अडकवून प्रत्येकाच्या नाकाचं माप घ्यायचे! मी म्हटलं, "चाचा, मास्कला कशाला माप?" तर म्हणाले, "बेटी, शर्ट ढिला झाला तर चालतो. नाक फार अवघड आहे!"

आमच्या सोनाबाईंनी त्यांना आपली जुनी साडी दिली. जांभळी, तिच्यावर पिवळी फुलं. म्हणाल्या, "चाचा, दोन शिवा. एक मला, एक माझ्या मंगलला." मंगल म्हणजे त्यांची मुलगी, कोपरगावला दिलेली. चाचांनी दोन्ही मास्कवर बरोबर मधोमध एकेक फूल येईल असं बेतून कापलं. मंगलचा मास्क गेटवरून पाठवून दिला.

पुढे सोनाबाईंना नगरला हलवावं लागलं. पाच दिवसांनी त्या गेल्या. मंगल एकटीच स्मशानात पोचली. लांब उभं राहायचं, जवळ जायचं नाही. समोर एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या बंद पिशव्या. यातली आई कुठली, म्हणून ती नुसती बघत राहिली. तिथं काम करणारा एक माणूस तिच्याकडे बघत होता. तो दोन पिशव्या ओलांडून तिसरीपाशी गेला. पिशवीला तोंडापाशी पारदर्शक तुकडा होता, तिथं वाकून बघितलं आणि परत आला.

"ताई, ही तुमची आई," म्हणाला. "तुमच्या तोंडावर हाय त्येच फूल तिच्याबी तोंडावर हाय."

मंगलनं मला हे फोनवर सांगितलं आणि मी चाचांना. चाचा मशीनपुढे बसले होते. फिरतं चाक त्यांनी हातानं थांबवलं. मग हळूच म्हणाले, "मधलं फूल कापलं गेलं नाही, हे बरं झालं."

*

आमच्याकडे एक मास्तर होते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेले. त्यांची मुलगी परदेशात. दर शनिवारी व्हिडिओ कॉल करायची आणि मास्तर दर शनिवारी फोन कानाला लावायचे. मी म्हणायचे, "मास्तर, समोर धरा, ताई दिसतील." ते म्हणायचे, "दिसण्यासाठी डोळे आहेत, फोन ऐकण्यासाठी असतो!" मुलीला पडद्यावर नुसता कान दिसायचा. आम्ही हसून हसून बेजार. ती तासभर त्या कानाशी बोलायची.

मास्तर पंगतीला परत न आलेल्या त्या सातांमधले एक. विमानं बंद, ती येऊ शकली नाही. वर्षभरानं आली. त्यांच्या खाटेवर बसून राहिली. मी म्हटलं, "ताई, मी त्यांना फोन नीट धरायला लावायला हवा होता हो. तुम्हाला चेहरा तरी दिसला असता."

तिनं मान हलवली. "नको होता, सिस्टर. बाबांच्या डोळ्यांत बघून मी आयुष्यात एक शब्द बोलले नाही, इतका त्यांचा दरारा. लग्न मोडलं, तेही सांगितलं नव्हतं. सगळं त्या कानाला सांगितलं."

"आणि मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, 'ऐकतोय.'"

*

आता शेवटचा. हा भोसले सर कधी सांगत नाहीत. हा निघाला की ते हात धुवायला उठतात. म्हणून मी सांगते.

चंद्रभागाबाई संगमनेरच्या. त्यांचा मुलगा दत्तू तिथं दूध डेअरीत कामाला. दर रविवारी सकाळी मोटारसायकलवर यायचा. गेटपाशी गर्दी नको म्हणून कालव्याच्या पलीकडच्या काठावर, लिंबाखाली उभा राहायचा. पांढरा सदरा, पांढरी टोपी. चंद्रभागाबाई गच्चीत खुर्ची टाकून बसायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन लॉकडाऊनमध्ये राहिलेलं. त्यांना दिसायचं ते एवढंच, पाण्यापलीकडे पांढरं काहीतरी. तो हात वर करायचा, त्या हात वर करायच्या. अर्धा तास असं बसून झालं की तो जायचा.

दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीलाच दत्तू गेला. सुनेचा मला फोन आला. रडत म्हणाली, "आत्याबाईंला सांगू नका. जरा निवू द्या समदं, मंग मीच येऊन सांगते."

रविवार आला. चंद्रभागाबाई केस विंचरून गच्चीत बसल्या. मी शेजारी उभी. काय सांगायचं ह्यांना? तेवढ्यात पलीकडच्या काठावर, लिंबाखाली, कुणीतरी येऊन उभं राहिलं. पांढरा सदरा, पांढरी टोपी. पाण्यावर सकाळचं धुकं होतं, मागे उसाची हिरवी भिंत. खरं सांगते, क्षणभर मलासुद्धा दत्तूच वाटला. त्यानं हात वर केला. चंद्रभागाबाईंनी हात वर केला. मग मला त्याची खांदा पाडून उभं राहायची सवय ओळखू आली. ते भोसले सर होते.

त्यांनी मला विचारलं नव्हतं, कुणालाच विचारलं नव्हतं. पुढचे सगळे रविवार सर पुलावरून वळसा घालून पलीकडे जायचे, अर्धा तास उभे राहायचे, परत येऊन चौकड्याचा शर्ट घालून कामाला लागायचे. सुनेचं येणं लांबतच गेलं. धुकं संपलं, ऊन तापायला लागलं.

एका रविवारी सर परत आले आणि चंद्रभागाबाईंच्या गोळ्या द्यायला वर गच्चीत गेले. मी तिथंच होते. चंद्रभागाबाईंनी गोळ्या घेतल्या आणि सरांचा हात धरून ठेवला. हातावरून हात फिरवत बसल्या. सर खाली मान घालून उभे.

त्या म्हणाल्या, "बाळा, पुढल्या रविवारपास्नं तुझ्याच कपड्यात येत जा."

सरांनी दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला.

"पर येत जा."