उपटलेली दाढ

गांधीबागेतल्या दुकानात माझ्यासोबत लुगडी दाखवणारे ते गृहस्थ गिऱ्हाईक रस्त्यावर पोचलं तरी बोलतच असत. त्यांचा जबडा सुजला, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी दाढ उपटली. सूज मात्र हटेना. पुढे मोठ्या दवाखान्यात कळलं, की लिव्हरचा कॅन्सर आहे आणि तो जबड्याच्या हाडात पसरलाय.

चांगली दाढ उपटली म्हणून दातांचे डॉक्टर फार खचले. तर हेच मला घेऊन त्यांची समजूत काढायला गेले.

"काहून रडून राहिले, डॉक्टरसाहेब? लिव्हरची बिमारी तोंडात निघाली, तुमाले कसं समजन? आमच्याकडं बाई लुगडं पाहाले येते अन् टॉवेल घेऊन जाते!"

डॉक्टर डोळे पुसत हसले.

बाहेर आल्यावर त्या गृहस्थांनी माझा हात धरला. "घरी अजून सांगाचं आहे. बायकोले काय सांगू, सांग ना गा."