धोंडीरामचा पैरा

धोंडीराम कुरणे चौतीस वर्षं बांधकाम खात्यात रस्त्यावर मजूर होता, आणि या चौतीस वर्षांत त्याचं भांडण एकाशीच झालं, पाण्याशी. पावसाचं पाणी रस्त्यावर कुठनं चढणार आणि कुठनं उतरणार, हे साहेबांच्या आधी त्याला कळायचं. साहेब नकाशा बघायचे, हा उकिडवा बसून जमीन बघायचा आणि बहुतेक वेळा नकाशा हरायचा. त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही, त्यानंही वाट बघितली नाही. मोटारी धूळ उडवत जायच्या, हा कुदळ घेऊन बाजूला उभा राहायचा.

निवृत्त झाल्यावर तो बोरखिंडीत, आपल्या गावी येऊन राहिला. गाव जोतिबाच्या डोंगराच्या मागच्या अंगाला. घर बौद्धवस्तीच्या टोकाला, डोंगर जवळजवळ अंगणातच उतरलेला. दर रविवारी कोल्हापुरातली सायकलवाली मंडळी वरच्या खिंडीतून सुसाट खाली यायची आणि त्याच्या घरामागच्या घळीत हमखास आपटायची. एका रविवारी दानेश्वरी आपटली. ही मूळची गडहिंग्लजची, शाहूपुरीत बेअरिंग आणि नटबोल्टचं दुकान चालवणारी, पस्तिशीची बाई. तिचा गुडघा चांगलाच फुटला होता. धोंडीरामची बायको बायडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. धोंडीराम मात्र गुडघा सोडून घळीकडंच बघत बसला.

"पावणं, तुमचं काय चुकत न्हाय," तो शेवटी म्हणाला. "वाट चुकलीया. ही पाण्याची वाट हाय. तुमी पाण्याच्या वाटंनं उतरालाय."

दुसरी कुणी असती तर चिडली असती. दानेश्वरीनं विचारलं, "मग आमची वाट कुठली, आण्णा?"

धोंडीरामनं काठी उचलली आणि डोंगरावर हवेतच एक रेघ ओढली. गायरानातून आडवी, वळणं घेत, ओढा एकदाच ओलांडून खाली येणारी. वाटेला दरीकडं बोटभर उतार ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवर बसतच नाही, पलीकडं निघून जातं. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, की दानेश्वरी गुडघा विसरली.

मग वर्षभर कागद धावले. गायरान ग्रामपंचायतीचं, म्हणून ठराव ग्रामसभेत आला. सरपंच बाळासो तोंडाचा फटकळ माणूस. "सायकलीला वाट? म्हशीला हाय का आधी?" असं म्हणून त्यानं सभा हसवली. पण घळीचं पाणी दरसाल शाळेच्या पटांगणात घुसतं, ते या वाटेनं वळेल, असं धोंडीरामनं उभं राहून सांगितलं आणि ठराव पास झाला. ओढ्यावरच्या साकवाला आणि दगडाला जिल्हा परिषदेनं पर्यटनातून निधी दिला. अट दोन ओळींची होती. मजुरी लोकसहभागातून, आणि काम मार्चअखेर पुरं. नाहीतर निधी परत.

लोकसहभाग म्हणून गावातनं कुणी आलं नाही. आले ते शहरातले. दर रविवारी वीस-बावीस जण यायचे. दाताचा डॉक्टर, कॉलेजातली मास्तरीण, बँकेतले दोघं. हातमोजे घालून कुदळ धरायचे आणि अर्ध्या तासात हातमोज्यांच्या आतसुद्धा फोड आणायचे. धोंडीराम त्यांना सगळ्यांदेखत रागवायचा. "डाक्टर, दात न्हाय त्यो, मुरूम हाय. हळू काय खरवडताय?" दुपारी त्याच्या अंगणात सगळे पंगतीनं बसून बायडाबाईची भाकरी आणि झुणका हाणायचे. संध्याकाळी ती माणसं गेली की धोंडीराम बराच वेळ वाटेकडं बघत बसे. आजवर त्याच्या कामावरून माणसं नुसती गेली होती. गाडीतनं उतरून त्याच्याशेजारी कुदळ धरणारी ही पहिलीच.

त्याला एवढं भरून का यायचं, हे कळायला पैरा म्हणजे काय ते ठाऊक पाहिजे. आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या रानात राबतो, याला आमच्याकडं पैरा म्हणतात. ज्याच्या रानात काम, त्याच्या घरी जेवण. पण पैरा होतो बरोबरीच्या माणसांत. धोंडीरामच्या बापाची डोंगरकडेला दीड एकर जमीन होती. तो गावातल्या प्रत्येकाच्या रानात राबला, मिळेल ते धान्य घेऊन आला, आणि त्याच्या दीड एकरात मात्र उभ्या जन्मात दुसऱ्या घरचं एक माणूस आलं नाही. धोंडीरामच्याही नाही. त्यामुळं शहरातले लोक रविवारी कुदळ घेऊन उतरले, तेव्हा हा पैराच आहे, असं त्यानं मनाशी धरलं. आणि पैरा फेडावा लागतो.

एका सोमवारी सकाळी नऊला तो कुदळ पोत्यात गुंडाळून एसटीनं शाहूपुरीत, दानेश्वरीच्या दुकानासमोर हजर झाला.

"पैरा फेडाय आलोय. काम दावा."

दानेश्वरी हसली. "अहो आण्णा, ते श्रमदान होतं. फेडायचं नसतं ते. बसा, चहा घ्या."

धोंडीराम बसला नाही. त्याचा चेहरा उतरला. "दान?" तो म्हणाला. "दान म्हणून आल्ता व्हय तुमी? मला वाटलं, माझ्याकडं आलाय."

दानेश्वरीनं तिथंच गडहिंग्लजला आज्जीला, शांतव्वाला, फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. शांतव्वा फोनवरच ओरडली. आपल्या कानडीत पैऱ्याला मुय्याळू म्हणतात, तुझ्या आज्जानं अख्खं रान त्याच्यावर उठवलं, आणि दारात आलेला पैरा परत लावतीस होय गं? फोन ठेवल्यावर दानेश्वरी उठली आणि धोंडीरामला दुकानामागं घेऊन गेली. पावसाळ्यात बोळातलं पाणी तिच्या गोदामात शिरायचं. तीन गवंडी येऊन गेले होते, पाणी तसंच. धोंडीराम उकिडवा बसला, उंबऱ्यापुढची फरशी उखडली, चार विटा आणि सिमेंट मागवून उतार फिरवला आणि बादलीभर पाणी ओतून दाखवलं. पाणी मुकाट्यानं गटारीकडं गेलं. मग त्यानं चहा घेतला, दोन कप.

तेव्हापासून दर सोमवारी तो एकेकाचा पैरा फेडायला शहरात जाऊ लागला. मास्तरणीचं कपाट त्यानं दुसऱ्या मजल्यावर चढवलं. डॉक्टरकडं काही कामच निघेना, तेव्हा कुंड्यांची माती खालीवर केली. डॉक्टर म्हणाला, आलाच आहात तर तो किडलेला दात काढून टाकतो, फुकट. धोंडीराम तोंड झाकून उठलाच. "नगं नगं. त्यो काढला की पुन्हा पैरा माझ्यावरच चढतोय!"

मार्च उजाडला. साकव झाला, वळणं झाली. राहिली होती ओढ्याजवळची साठ-सत्तर फूट दगडी वाट, तीच सगळ्यात नाजूक. आणि जिल्हा परिषदेची तपासणी पुढच्या रविवारच्या आधीच, गुरुवारी ठरली. शहरातल्या लोकांना मधल्या वारी सुटी कुठली? दानेश्वरी दुकान बंद ठेवून येते म्हणाली, आणखी दोघं कबूल झाले. एवढ्यांनी तो दगड हलणार नव्हता. वर्षाची मेहनत आणि शाळेचं पटांगण दोन्ही जाणार, हे धोंडीरामला दिसत होतं.

"गावात पैरा मागा की," बायडाबाई म्हणाली.

"कुणाला मागू? आपुन कधी कुणाच्या पैऱ्यात हाय का?"

"न्हाय म्हणतील. म्हणू देत. तोंड काय झिजत न्हाय."

मंगळवारी सकाळी तो बाळासोच्या दारात उभा राहिला. चौतीस वर्षं साहेबांपुढं न अडखळलेला माणूस, इथं अडखळला. "सरपंच, उद्या पैऱ्याला माणसं पायजेत. धा-बारा."

बाळासो दात घासत होता. थुंकला, तोंड धुतलं, आणि एवढंच म्हणाला, "फेडणार कसा?"

हा प्रश्न धोंडीरामच्या बापाला कुणी कधी विचारला नव्हता. "तुमी सांगशीला तसं. लावणीला येतो."

"लावणीला माणसं हाईत. खालच्या रानातला बांध दरसाल फुटतोय माझा. त्येचं पाणी काढून दे."

"दिलं," धोंडीराम म्हणाला.

बुधवारी सूर्य वर यायच्या आत चौदा माणसं पहारी घेऊन ओढ्यावर आली. दानेश्वरी आणि शहरातली ती दोन माणसं होतीच. दगड लावायचा कसा, हे या मंडळींना शिकवायला लागत नव्हतं, उलट तेच धोंडीरामशी वाद घालत होते. दीडपर्यंत शेवटचा दगड बसला. आता जेवण. बायडाबाईनं पहाटेपासून चुलीपुढं बसून आमटी, भात, भाकरी केली होती. शहरातली माणसं अंगणात जेवत होती, ती गोष्ट वेगळी. हे गाव होतं. बाळासोच्या घरचं कुणी या अंगणात कधी पाणीसुद्धा प्यालं नव्हतं. तिनं धोंडीरामला बाजूला घेऊन विचारलं, "बसतील का हो?" त्यानं हातपाय धुवायच्या पाण्याची घागर अंगणात नेऊन ठेवली.

बाळासो हातपाय धुऊन आला, अंगणात मांडी ठोकून बसला आणि बाकीचे त्याच्या रांगेत बसले. पहिला घास तोंडात गेला. बायडाबाई पातेलं धरून उभीच. बाळासोनं मान वर केली.

"वैनी, तिखट कमी पडलंय की!"

कोल्हापुरात याहून मोठी तक्रार नसते. बायडाबाई तिखटाचा डबा आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी दानेश्वरीच डबा घेऊन आली. वाढायला धोंडीराम उठला. त्याच्या हातनं निम्मी आमटी बाळासोच्या गुडघ्यावर सांडली. बाळासोनं त्याबद्दलही शिव्या दिल्या, त्याही धोंडीरामला गोड लागल्या.

गुरुवारी तपासणी झाली, वाट पास झाली. वाटेच्या तोंडाशी लावायच्या फलकावर "श्रमदानातून" असं लिहून आलं होतं. दानेश्वरीनं रंगाची डबी आणवून तो शब्द पुसला आणि "पैऱ्यानं" असं लिहिलं. साहेबानं अर्थ विचारला, तेव्हा तिनं धोंडीरामकडं बोट केलं. धोंडीराम तिथं नव्हता. तो खालच्या रानात बाळासोच्या फुटक्या बांधापुढं उकिडवा बसून जमीन बघत होता.